केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून स्टील कोरणारा प्रकाश जातो कसा?

भाचीच्या रुखवताची भांडी घ्यायला गेल्या महिन्यात सोलापुरात मधला मारुतीच्या बाजारात गेले होते. पूर्वी भांड्यावर नाव घालायचं म्हणजे एक जण खाली बसून हातातल्या यंत्राची टोचणी टर्रर्र करत फिरवायचा, आणि त्याच्या हाताला जसं वळण तशी अक्षरं उमटायची. आता तिथे टेबलावर एक खोका असतो. संगणकावर नाव टाइप करायचं, बटण दाबायचं, की स्टीलच्या डब्यावर काही सेकंदांत रेखीव नाव तयार. खोक्यावर लिहिलं होतं: फायबर लेझर, २० वॅट.

यंत्र चालवणारा मुलगा माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याने विचारलं, "मॅडम, असल्याच वायरीतनं आमच्या घरी नेट येतंय की. मग स्टील कोरणारा लेझर तिच्यातनं जाताना ती वायर जळत कशी नाही ओ?"

"काच फार शुद्ध असते रे," एवढं म्हणून मी पिशवी उचलली. घरी येईपर्यंत ते उत्तर मला टोचत राहिलं, कारण ते अर्धवट होतं. काच शुद्ध असते हे खरंच, नेटच्या फायबरमध्ये एक किलोमीटर जाऊनही पाच टक्क्यांहून कमी प्रकाश वाया जातो. पण जोरदार लेझरपुढे नुसती शुद्धता पुरत नाही. तिथे सगळी कसब एकाच गोष्टीत असते: प्रकाशाला काचेत दाटू द्यायचं नाही, आणि तरीही त्याची शिस्त मोडू द्यायची नाही. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात. त्यांची तडजोड घडवण्यासाठीच निरनिराळ्या प्रकारचे फायबर बनवले जातात. त्या मुलाला द्यायचं राहिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहिते आहे.

वीस वॅटमध्ये एवढा जोर कुठला?

घरातली एलईडी ट्यूबही साधारण २० वॅटची असते आणि तिच्याने कागदसुद्धा तापत नाही. फरक आहे तो वीस वॅट खर्च कसे होतात यात.

उजनी धरणात पाणी महिनोन् महिने साठत राहतं. दरवाजे उघडले की तेच पाणी एकदम सुटतं आणि पंढरपुरात चंद्रभागा दुथडी भरून वाहते. वर्षाचा हिशेब घातला तर सरासरी तीच, पण दरवाजे उघडल्यावरचा लोंढा काही औरच. या लेझरमध्येही असाच एक दरवाजा असतो. फायबरमध्ये ऊर्जा सतत भरली जाते, साठते, आणि दरवाजा उघडला की क्षणात बाहेर पडते. या क्षणिक लोंढ्याला इंग्रजीत पल्स म्हणतात. मी त्याला ठोका म्हणणार आहे. हृदयाचाही ठोका असतो आणि तांबटाच्या हातोडीचाही.

अशा यंत्राचा एक नेहमीचा हिशेब बघा. सेकंदाला २० हजार ठोके आणि प्रत्येक ठोका १०० नॅनोसेकंदांचा. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. सगळ्या ठोक्यांची वेळ एकत्र केली तर एका सेकंदात प्रकाश चालू असतो फक्त दोन हजारांश सेकंद, म्हणजे पाचशेपैकी एक भाग. त्यामुळे ठोका चालू असताना त्याची ताकद सरासरीच्या पाचशे पट होते: १० हजार वॅट. सरासरी शक्ती २० वॅट, शिखर शक्ती १० हजार वॅट. स्टीलला झळ बसते ती शिखराची. काचेलाही.

धाग्याच्या आत काय असतं?

नेटचं फायबर १२५ मायक्रॉन जाड असतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपला केस साधारण ७० मायक्रॉनच्या आसपास भरतो. त्या १२५ मायक्रॉनांतही प्रकाश जातो तो मधल्या आठ-नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून. भोवतीच्या काचेला आवरण म्हणू. गाभ्याची काच आवरणापेक्षा प्रकाशाला किंचित जास्त वाकवणारी असते, म्हणून तिरपा आलेला प्रकाश सीमेवर आपटून पुन्हा आत वळतो. पाठ्यपुस्तकातलं पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच.

फायबर लेझरमध्ये एक गोष्ट वेगळी असते. नेटचं फायबर प्रकाश फक्त वाहून नेतं, इथे मात्र फायबरमध्येच लेझर तयार होतो. गाभ्यात यटर्बियम नावाचं मूलद्रव्य मिसळलेलं असतं. ९१५ किंवा ९७६ नॅनोमीटर तरंगलांबीचा साधा, विस्कळीत प्रकाश ते पितं आणि १०६४ नॅनोमीटरच्या आसपासचा शिस्तबद्ध प्रकाश सोडतं. नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग. दोन्ही प्रकाश डोळ्यांना दिसत नाहीत.

आता अडचण अशी की पाजायचा प्रकाश भरपूर आणि अस्ताव्यस्त असतो, तो एवढ्याशा गाभ्यात शिरणार कसा? यावर १९८८ साली इलायस स्निट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन आवरणांचं फायबर पुढे आणलं. पाजायचा प्रकाश रुंद अशा आतल्या आवरणात सोडायचा. तो इकडेतिकडे आपटत पुढे जाताना पुन्हा पुन्हा गाभ्यातून जातो आणि प्रत्येक वेळी यटर्बियम त्यातला थोडा थोडा पितं.

यातली एक खुबी मला फार आवडते. हे आतलं आवरण अगदी गोल ठेवलं तर काही किरण कडेकडेने गोल फिरत पुढे जातात, देवळात येऊन नुसत्या प्रदक्षिणा घालाव्यात आणि गाभाऱ्यात दर्शनाला जाऊच नये तसे. म्हणून आतलं आवरण मुद्दाम अष्टकोनी करतात किंवा त्याची एक बाजू सपाट तासतात. मग प्रदक्षिणेचा मार्गच मोडतो आणि प्रत्येक किरणाला कधी ना कधी गाभ्यातून जावंच लागतं.

मग काच जळत का नाही?

मे महिन्यात दुपारी आपल्याकडे जे ऊन पडतं ते एका चौरस सेंटिमीटरवर साधारण एक दशांश वॅट असतं. आता १० हजार वॅट १० मायक्रॉनच्या गाभ्यात कोंबा. दाटी होते चौरस सेंटिमीटरला सुमारे १३ अब्ज वॅट, म्हणजे त्या उन्हाच्या तेरा हजार कोटी पट!

गंमत म्हणजे चांगली सिलिका काच आतून एवढंही सोसते. नॅनोसेकंदांच्या ठोक्यांनी ती आतून फुटायला याच्या कितीतरी पट दाटी लागते. नाजूक असतं ते तिचं टोक, जिथे काच संपते आणि हवा सुरू होते. तिथे धुळीचा एक कण बसला तरी तो जळतो आणि काचेला खड्डा पाडतो. म्हणून टोकाला गाभा नसलेल्या काचेचा छोटा तुकडा जोडतात. त्यात प्रकाश पसरतो आणि हवेत शिरताना विरळ झालेला असतो.

पण काच फुटण्याच्या खूप आधी दुसरंच काहीतरी बिघडतं. काच शाबूत राहते आणि प्रकाश बिघडतो.

पहिला बिघाड आपल्या ओळखीच्या नावाचा आहे. २८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी सर सी. व्ही. रामन यांनी जो परिणाम शोधला, त्याच्या स्मरणार्थ आपण विज्ञान दिन साजरा करतो. प्रकाश रेणूंवरून विखुरताना त्यांना थोडी ऊर्जा देतो आणि स्वतः जरा जास्त तांबडा होतो, हा तो परिणाम. साध्या प्रकाशात हे इतकं क्षीण असतं की महत्प्रयासाने टिपावं लागतं. पण फायबरमध्ये दाटी प्रचंड असते, आणि एकदा थोडा तांबडा प्रकाश तयार झाला की तो मूळ प्रकाशातून स्वतःची भर घालत सुटतो. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश बघता बघता १११५ च्या आसपास घसरतो. यात दाटीइतकीच लांबीही मोजावी लागते. १० मायक्रॉनचा गाभा आणि ३ मीटर लांबी धरली तर ढोबळ हिशेबाने ४ हजार वॅटच्या आसपासच रामन परिणाम डोकं वर काढतो. म्हणजे वरचा १० हजार वॅटचा ठोका एवढ्या बारीक गाभ्यातून धड बाहेर पडणारच नाही!

दुसऱ्या बिघाडात प्रकाश काचेत ध्वनिलहर उठवतो आणि त्या लहरीवर आपटून उलटा फिरतो. याला ब्रिलुआँ विकिरण म्हणतात. लांब आणि एकाच शुद्ध रंगाच्या ठोक्यांना त्याची भीती जास्त, आखूड ठोक्यांना कमी, कारण ध्वनिलहर उठायलाही थोडा वेळ लागतो.

तिसरा बिघाड सगळ्यात हट्टी. तीव्र प्रकाश असेल तिथे काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वाकवण्याची तिची क्षमता, किंचित वाढतो. थोडक्यात, प्रकाश स्वतःच्या वाटेवर स्वतःच भिंग तयार करतो. त्याने ठोक्याचे रंग पसरतात. आणि शिखर शक्ती सुमारे ४० लाख वॅटवर गेली की हे भिंग झोताला आवळत आवळत एका बिंदूवर आणतं, आणि काच आतून फुटते. ही मर्यादा एकूण शक्तीवर ठरते. गाभा कितीही रुंद करा, ४० लाखांची रेघ तिथेच राहते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

"गाभा रुंद केला की झालं ना?"

रामन परिणामावर तोच सरळ उपाय. रुंदी दहापट केली तर क्षेत्रफळ शंभरपट होतं, दाटी शंभराव्या भागावर येते. शिवाय गाभा रुंद असला की तो पाजायचा प्रकाशही लवकर पितो, म्हणून फायबर आखूड पुरतं. दुहेरी फायदा.

पण इथे शिस्त आडवी येते. तंबोऱ्याची तार एका फुगवट्यात कंप पावते, तशीच दोन किंवा तीन फुगवट्यांतही पावते. फायबरमधल्या प्रकाशाचेही असे ठरावीक आकार असतात, त्यांना मोड म्हणतात. पहिला मोड म्हणजे मधोमध एकच उजळ ठिपका. पुढच्यांत दोन ठिपके, चार ठिपके, कडी. अरुंद गाभ्यात पहिलाच मावतो, जसं जुन्या पेठेतल्या बोळातून माणसं एकामागोमाग एकच जाऊ शकतात. रुंद गाभ्यात सगळे घुसतात. मग बाहेर पडणारा झोत भिंगाने बारीक टोकावर आणता येत नाही, आणि भांड्यावरची अक्षरं जाड, फिसकटलेली येतात.

पहिली युक्ती म्हणजे गाभा आणि आवरण यांच्यातला फरक कमी करणं. अपवर्तनांकात हजारात एकाएवढाच फरक ठेवला तर २० मायक्रॉनच्या गाभ्यातही मोजकेच मोड टिकतात. एवढा बारीक फरक मीटरमागून मीटर सारखा राखणं हे काच बनवणाऱ्यांचं कौशल्य, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

दुसरी युक्ती २००० साली समोर आली आणि ती इतकी साधी आहे की ऐकून आश्चर्य वाटतं. फायबर गुंडाळून ठेवायचं. भरगच्च जीप वळणावर वळली की बाहेर लटकलेल्यांचा हात सुटतो, आत नीट बसलेले बसूनच राहतात. पहिल्यानंतरचे, म्हणजे वरचे मोड गाभ्याच्या कडेला लोंबकळत असतात, म्हणून वेटोळ्यात तेच गळून जातात. वेटोळ्याचा व्यास नेमका निवडायचा, बस्स. पण गाभा फारच रुंद असेल तर हीच युक्ती उलटते: वळणावर पहिला मोडही एका कडेला दाबला जातो, त्याचं क्षेत्रफळ घटतं, आणि ज्यासाठी गाभा रुंद केला तेच हातचं जातं.

काचेत भोकं कशासाठी?

१९९० च्या दशकात फिलिप रसेल यांनी वेगळी वाट धरली. आवरणासाठी निराळी काच शोधण्याऐवजी त्याच काचेत हवेची भोकं ठेवायची. काचेच्या पोकळ नळ्या षटकोनी रचनेत एकमेकींना चिकटवून उभ्या करायच्या, मधोमध एक भरीव कांडी ठेवायची, आणि तो सगळा भारा तापवून ओढत ओढत धागा करायचा. रचना जशीच्या तशी राहते, फक्त हजारो पटींनी बारीक होते. १९९६ मध्ये असं पहिलं फायबर प्रत्यक्षात आलं. याला फोटॉनिक क्रिस्टल फायबर म्हणतात, मी जाळीदार म्हणते.

सोलापूरकरांना जाळीचं काम वेगळं सांगायला नको. खिडकीच्या जाळीतून डास जातो, चिमणी जात नाही. पहिला मोड म्हणजे एकच मोठा ठिपका, तो भोकांमधल्या फटींतून निसटू शकत नाही. वरच्या मोडचे ठिपके बारीक असतात, ते निसटतात. भोकांचा आकार आणि त्यांच्यातलं अंतर यांचं गुणोत्तर ठरवलं की कोणी थांबायचं आणि कोणी जायचं हे ठरतं.

याच वाटेने पुढे गाभा ८० ते १०० मायक्रॉनपर्यंत गेला. पण असं फायबर वाकवलं की प्रकाश सांडतो, म्हणून ते वाकवायचंच नाही. एक-दोन मिलिमीटर जाड, साधारण मीटरभर लांब, सरळसोट काचेची काठी. आमच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची काठी किती जपून, सरळ तोलून नेतात हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या काठीभोवतीची प्रयोगशाळेतली काळजी लगेच उमगेल.

२०१० च्या सुमारास या रुंद गाभ्यांनी एक नवंच दुखणं दाखवलं. ९७६ चा प्रकाश पिऊन १०६४ चा सोडताना आठेक टक्के ऊर्जा उष्णतेत जाते. गाभ्यात दुसरा मोड थोडासा जरी असला तर पहिल्याशी मिळून तो लांबीभर उजळ-मंद पट्टे पाडतो. उजळ जागी काच जास्त तापते, तिचा अपवर्तनांक बदलतो, आणि त्या पट्ट्यांवरून प्रकाश पहिल्या मोडमधून दुसऱ्यात ढकलला जातो. सरासरी शक्ती एका हद्दीपलीकडे गेली की इतका वेळ स्थिर असलेला ठिपका अचानक थरथरू लागतो. याचा शिखर शक्तीशी संबंध नाही, हा उष्णतेचा खेळ आहे. म्हणून आजच्या रचनाकाराला दोन्ही हिशेब सांभाळावे लागतात.

जागेत मावत नसेल तर वेळेत पसरा

आता भांड्यांवरून दुसरीकडे जाऊ. मोबाईलची काच किंवा हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची स्टेंट कापायला, डोळ्याच्या कॉर्नियात पापुद्रा करायला फेम्टोसेकंद लेझर वापरतात. १०० फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचे दहा लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. ठोका इतका आखूड असतो की उष्णता शेजारी पसरायच्या आधीच काम झालेलं असतं, म्हणून कड करपत नाही.

अशा ठोक्यात १०० मायक्रोज्यूल ऊर्जा भरली, म्हणजे वरच्या भांडेवाल्या ठोक्याच्या फक्त दहावा भाग, तरी शिखर शक्ती १०० कोटी वॅट होते. आपल्या सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या औष्णिक वीज प्रकल्पाची पूर्ण क्षमता १३२ कोटी वॅट आहे, त्यावरून अंदाज करा. काचेची रेघ ४० लाखांवर, आणि रुंदी वाढवून ती हलत नाही. मग?

याचं उत्तर डोना स्ट्रिकलँड आणि जेरार मुरू यांनी १९८५ मध्ये दिलं, आणि २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना त्यासाठीच मिळाला. मोठी मिरवणूक अरुंद वेशीतून काढायची तर आधी ती लांबवायची, एकेक पथक अंतर राखून पुढे सोडायचं, आणि वेशीपलीकडच्या मैदानात सगळ्यांना पुन्हा एकत्र उभं करायचं. आखूड ठोक्यात अनेक रंग मिसळलेले असतात. या तरंगलांब्यांना काचेत तांबड्या बाजूचे रंग जरा भरभर जातात, निळ्या बाजूचे मागे रेंगाळतात. स्ट्रिकलँड आणि मुरू यांनी ठोका लांबवण्यासाठी १.४ किलोमीटर लांबीचं फायबरच वापरलं होतं. लांबवलेला ठोका निवांतपणे वाढवायचा, आणि शेवटी बारीक रेघांच्या जाळ्यांची जोडी मागच्या रंगांना पुढच्यांशी गाठ घालून देते.

आपला १०० मायक्रोज्यूलचा ठोका एका नॅनोसेकंदापर्यंत लांबवला तर शिखर शक्ती १०० कोटींवरून १ लाख वॅटवर येते. ८० मायक्रॉनच्या काठीत त्याची दाटी चौरस सेंटिमीटरला दोन-तीन अब्ज वॅट, म्हणजे सुरुवातीच्या १३ अब्जांपेक्षाही कमी. शंभर कोटींचा ठोका तयार होतो तो काचेबाहेर, हवेत. काचेला त्याचा पत्ताच लागत नाही.

मग तो ठोका कामाच्या जागी न्यायचा कसा?

आकुंचित झालेला ठोका पुन्हा काचेत घातला तर सगळं मुसळ केरात. म्हणून अशा यंत्रांत आरसे लावून झोत हवेतून फिरवावा लागतो, आणि एक आरसा हलला की सगळं जुळवणं पुन्हा. इथे पोकळ फायबर कामाला येतं. १९९९ मध्ये बाथ विद्यापीठातल्या गटाने पोकळ गाभ्यातून प्रकाश नेऊन दाखवला. गाभ्यात काच नाहीच, हवा आहे. आणि प्रकाशाच्या दाटीने बिघडण्याची हवेची खोड काचेच्या साधारण हजाराव्या भागाएवढी.

पण पूर्ण आंतरिक परावर्तनाला आत घन आणि बाहेर विरळ लागतं, इथे तर उलटं आहे. मग प्रकाश आत राहतो कसा? साबणाच्या फुग्याकडे बघा. त्याच्या पातळ पापुद्र्याच्या जाडीप्रमाणे काही रंग झळाळून परततात, काही आरपार जातात. पोकळ फायबरच्या आतल्या कडेने काचेच्या अतिशय पातळ भिंतींच्या नळ्या बसवलेल्या असतात. भिंतीची जाडी अशी निवडतात की आपल्या रंगाला तिच्यात शिरताच येऊ नये आणि तो पोकळीतच परत फेकला जावा. काही रचनांना कागोमे म्हणतात, टोपली विणण्याच्या एका जपानी नक्षीचं ते नाव. विणकामाच्या गावात बसून हे लिहिताना मला त्या नावाचा विशेष आनंद होतो.

"एका फायबरवर एवढा भार टाकण्यापेक्षा दहा का लावत नाहीत?"

लावतात. ठोका अनेक फायबरमध्ये वाटायचा, प्रत्येकात वाढवायचा, शेवटी एकत्र करायचा. अट एकच: सगळ्या लहरींचे उंचवटे एकमेकांवर नेमके बसले पाहिजेत, एका मायक्रॉनच्या छोट्या अंशाइतके. एखादं फायबर जरा तापलं, ताणलं गेलं की लहर सरकते, म्हणून प्रत्येकाला सतत सावरणारी यंत्रणा लागते. मागावर उभ्या धाग्यांचा ताण सारखा राखताना काय कसरत होते हे इथल्या घराघरात माहीत आहे. ही तशीच कसरत, पण सेकंदाला हजारो वेळा करायची.

त्या दुकानातल्या खोक्यात यातलं काय आहे?

जाळी नाही, काठी नाही, पोकळ गाभाही नाही. १० हजार वॅटला त्यांची गरज पडत नाही. खोक्यात दोन आवरणांचं, नेटपेक्षा रुंद गाभ्याचं, यटर्बियम घातलेलं काही मीटर फायबर वेटोळं करून ठेवलेलं असतं. तिथून कोरणाऱ्या डोक्यापर्यंत धातूच्या लवचिक नळीतून एक फायबर येतं. त्याच्या टोकाशी एक झडप असते, जी प्रकाशाला पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. तांब्या-पितळेचं लखलखीत भांडं खाली ठेवलं की थोडा प्रकाश उलटा परततो. तो फायबरमध्ये शिरला तर तिथलं यटर्बियम त्यालाही वाढवून देईल, आणि तो घाव आतल्या नाजूक भागांवर बसेल.

परतणारा प्रकाश झडपेकडेच जातो असं मात्र नाही, तो खोलीतही उडतो. १०६४ नॅनोमीटर दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही, आणि डोळ्याचं भिंग त्याला थेट पडद्यावर एका बिंदूत आणतं. मी परवा पुन्हा दुकानात गेले तेव्हा त्या मुलाला हे सगळं सांगितलं, आणि याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा मागवायला लावला. चष्मा येईपर्यंत यंत्रासमोर लहान मुलांना उभं करायचं नाही, असं त्याने कबूल केलं. निघताना तो टेबलामागे वाकला आणि भिंतीशी दुमडली गेलेली ती धातूची नळी हळूच ओढून मोठ्या वेटोळ्यात मोकळी सोडली.